इंजिनावरचा नारळ

आमच्या शेतातलं ऑईल इंजिन थोरल्या भावाने आणलं होतं. दोन सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं, भारी वजनाचं. पाचोऱ्याहून गावापर्यंत ते बैलगाडीतून आलं आणि भाऊ सबंध वाट गाडीच्या मागे पायी चालला, एक तळहात इंजिनावर ठेवून. खड्ड्यात गाडी कलली तर आधी आपल्याला कळावं, एवढाच हेतू. पुढे दोनेक वर्षांतच काविळीचं निमित्त होऊन तो गेला. त्याचं लग्न व्हायचं होतं. मी तेव्हा जळगावला कॉलेजात होतो. नंतर मला धुळ्याला सरकारी कचेरीत हिशेबाच्या कामाची नोकरी लागली आणि शेत आबांकडेच, म्हणजे वडिलांकडेच, राहिलं.

विजेची मोटर बसल्यावर इंजिनाचं काम कमी झालं. वीज गेली तरच ते चालायचं. एरवी विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत गोणपाटाखाली पडून असायचं. पण दसऱ्याला त्याची पूजा चुकली नाही. भाऊ होता तेव्हा तोच खोलीच्या दारातल्या दगडावर नारळ फोडायचा. तो गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आबा घरातून निघालेच नाहीत. मी नारळ हातात घेऊन उभा होतो, तर आईने तो माझ्या हातातून काढून घेतला. आमच्याकडे बायका नारळ फोडत नाहीत. तिने तो इंजिनाच्या वरच्या लोखंडी भागाच्या, म्हणजे हेडच्या, कडेवर आपटला. एका घावात फुटला नाही. फुटला तेव्हा तिने ओंजळ धरून सगळं पाणी त्या हेडवर ओतलं.

"त्याले नारयनं पानी भलतं आवडे," एवढंच म्हणाली.

घरात आम्ही अहिराणीच बोलतो, म्हणून तिचे शब्द तसेच लिहितो. तिच्या एका नणंदेने पुढे तिला टोकलं, "बाईमानूस नारय फोडस का कधी?" आई म्हणाली, "फोडनारा ऱ्हाता तं मी कसाले फोडती?" त्यानंतर कोणी विचारलं नाही. दर दसऱ्याला तिने हेच केलं. हळद, कुंकू, नारळ, आणि नारळाचं पाणी हेडवर. मग गोणपाट पुन्हा टाकायचं. उन्हाळ्यात मोटर बंद पडेपर्यंत इंजिनाला कोणी हात लावायचं नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या उन्हाळ्यांपैकी एका उन्हाळ्यातली. वैशाखात शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी कधी येईल हे कोणी सांगेना. शेजारच्या शेतकऱ्याकडेही ऑईल इंजिन होतं. त्याने आमच्या केळीला पाळीपाळीने पाणी दिलं, त्यामुळे बाग वाळणार नव्हती. बागेपायी इंजिनाची निकड होती असं कोणाला वाटायला नको. पण आबांनी आमचं इंजिन फिरवून पाहिलं. ते काळा धूर टाकत एकाच सिलिंडरवर थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू होईना. आबा म्हणाले, "भंगारमा टाकी द्या. खोली तरी मोकयी व्हई."

आई म्हणाली, "इंजिन गयं तं मी ह्या शेतमा पाय ठेवस नही."

असं ती बोलली हे मला गावच्या माणसाकडून धुळ्यात समजलं. आई उगाच काही बोलत नाही. मी रजा टाकली आणि एस.टी.ने गावी आलो.

पाचोऱ्याहून एक मिस्तरी आला. दोष त्याने लगेच सांगितला, आणि तो बरोबरच होता. डिझेल फवारणारी दोन्ही नोझल खराब झाली होती. ती काढायची, दुरुस्त करायची, परत बसवायची. पण नोझल हेडमधल्या खोल भोकात बसलेली असतात, आणि आमची त्यातच धरून बसली होती. पाना लावला तर पाना घसरायचा, नोझल केसभर हलेना.

"एकच उपाय," मिस्तरी म्हणाला. "वरच्या दाबपट्ट्या सोडायच्या आणि हँडल मारायचं. आतली हवाच नोझल उडवून देते. दोन मिनिटांचं काम आहे, भाऊ."

मी विचारलं, "उडून जाईल कुठे?"

तो हसला. "वर पत्रा आहे की."

मी पत्र्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या आईकडे. नोझल म्हणजे वीतभर लांबीचा, किलोच्या आसपास वजनाचा लोखंडी तुकडा. ते वर सरळच जाईल, तिरकं जाणार नाही, याची हमी कोण देणार? आणि हँडल मारणारा तर वाकून त्याच्या शेजारीच उभा असतो. मी नाही म्हणालो. मग तो छिन्नी-हातोड्याचं बोलला, त्यानंतर गॅसच्या ज्योतीने हेड तापवण्याचं. हेड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, असतं. तडा गेला तर सांधता येत नाही. ते इंजिन बनवणारा कारखाना बंद झाला होता. तसलं हेड मी जळगावला विचारलं होतं, धुळ्यालाही विचारलं होतं, कुठेच नव्हतं. म्हणजे हेड फुटलं की इंजिन संपलं.

आबा चिडले. "तू इंजिनेर कवय व्हयना रे?" मिस्तरी हत्यारं आवरून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामा आले. आईचे धाकटे भाऊ, रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पाचोऱ्यात राहणारे. स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवायचे नाहीत. सायकल उभी करता करता आबांना म्हणाले, "दाजी, मोठमोठी इंजिनं उघडेल शेतस मी. हाई तं खेळनं शे."

आबा म्हणाले, "मंग खेय. मोडू नको म्हंजे झायं."

मामांनी इंजिनाला हात लावण्याआधी खोली झाडायला लावली. नोझलभोवती धूळ असताना ते सैल केलं तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि आतून सगळं घासून काढते, असं ते म्हणाले. डिझेलच्या बारीक नळ्या त्यांनी सोडल्या आणि त्यांची तोंडं स्वच्छ चिंध्यांनी बांधली. ओठांतली तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आले. काम करताना माझ्याकडे न बघता टोमणे चालूच.

"सरकारी मानूस शे. सही करेल नही तं पाना बी उचलस नही."

मी म्हणालो, सही राहू द्या, आधी वरच्या आट्यांचं माप घेऊ. कारण मामांची युक्ती अशी होती : इंजिनावर दोन ठोकळे ठेवायचे, त्यांच्यावर भोक पाडलेली जाड पट्टी आडवी टाकायची, त्या भोकातून एक लांब बोल्ट नोझलच्या डोक्यावरच्या आट्यांना जोडायचा, आणि वरची नट आवळत नोझल सरळ वर ओढायचं. ठोकायचं नाही, तिरकं उचकटायचं नाही. ही पट्टी पाचोऱ्यातल्या लेथवाल्याकडून करून घ्यावी लागली. मापं मी दिली होती. दोन्ही ठोकळे समान उंचीचे नसतील तर ओढ तिरकी पडेल, म्हणून मी पोलादी फूटपट्टीने पुन्हा पुन्हा मोजत होतो. मामा त्यावरही बोलले, पण मोजू दिलं.

आधी भोकात डिझेल आणि रॉकेल मिसळून ओतलं आणि भिजू दिलं. मग पान्याने नोझल थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. थोडं म्हणजे किती, असं मी विचारलं, तर मामा म्हणाले, जेवढं ते देईल तेवढं. पहिलं नोझल दुपारपर्यंत फिरू लागलं आणि पट्टी लावल्यावर संथपणे वर आलं. खालचं टोक कार्बनने काळं झालेलं. मामांनी ते आबांना लांबूनच दाखवलं. त्या नादात एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली : टोकाला असणारी तांब्याची वायसर, म्हणजे पातळ कडी, नोझलबरोबर आली नव्हती. ती आतच राहिली असती आणि तिच्यावर नवी बसवली असती, तर नोझल नीट टेकलंच नसतं. मी विचारल्यावर मामा म्हणाले, "मी तुले पाहत व्हतू, तुन्हं ध्यान शे का नही." वाकवलेल्या तारेने ती वायसर त्यांनीच काढली.

दुसरं नोझल मात्र वेगळं होतं. ते पाना फिरू देईना. त्याच्याभोवतीच्या खाचेत, वरच्या बाजूला, तपकिरी घट्ट राड साचली होती. मामांनी ती खिळ्याने उकरून जुन्या वर्तमानपत्रावर काढायला सुरुवात केली. गंज होता. गंजात लालसर थर होते. मामांनी एक ढेप बोटांत चोळली, नाकाजवळ नेली. आंबूस, गुळट वास येत होता. मग त्यांच्या खिळ्याला एक धागा लागला. राठ, सोनेरी तपकिरी. त्यामागे करवंटीची एक कपची.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगावं लागलं नाही.

नारळाचं पाणी त्या खाचेत उतरत होतं आणि इंजिन तर महिनोन् महिने चालत नव्हतं, म्हणून वाळायचं नाही. खाली गंज धरायचा. पुढच्या दसऱ्याला त्यावर पुन्हा. लोखंडाला लोखंड असं हळूहळू चिकटत गेलं होतं. आई नेहमी ज्या बाजूला उभी राहायची, त्याच बाजूचं ते नोझल होतं.

"अक्काले दखाडू नको," मामा हळूच म्हणाले आणि कागदाची घडी घालू लागले.

पण आई भाकरी घेऊन दारात आलेली होती. तिने फडकं खाली ठेवलं आणि कागद मामांच्या हातातून घेतला.

"हाई नारयनी शेंडी शे."

"उंदीर शेतस अक्का आठे," मामा म्हणाले. "उंदरंस्नी आनेल व्हई. घर कराले."

आई कागदाकडेच बघत होती. "उंदीर कुकू बी लावतस का रे?"

मामा खिळा चिंधीला पुसू लागले. आई दारातल्या दगडावर बसली, भाऊ ज्यावर नारळ फोडायचा त्याच दगडावर, आणि माझ्याकडे वळली.

"तू सांग. तू खोटं बोलस नही."

मला जे ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. पहिलं नोझल खालून कार्बनने धरलं होतं, ते जुन्या इंजिनात होतंच. हे दुसरं वरून गंजलं आहे आणि गंज पाण्याचा आहे. इंजिन रोज चालतं तर उष्णतेने पाणी उडून गेलं असतं. पत्राही एका जागी गळतो.

"पत्र्याचं राहू दे. बठ्ठं मन्हामुळे का?"

"बठ्ठं नही," मी म्हणालो. "पन ह्या नोझलचं बरंच."

भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं होतं. मग आई उठून इंजिनाजवळ आली, हेडवर पंजा ठेवला, जसा भाऊ गाडीमागे चालताना ठेवायचा तसा, आणि म्हणाली, "मंग तोडा. त्याची वस्तू मीच सडवी. भंगारमा टाका आते." आणि घराकडे चालू लागली. ऊन भयंकर होतं. तिने पदरही डोक्यावर घेतला नव्हता.

तोवर आमच्यापुढे एक इंजिन होतं. आता प्रश्न निराळाच झाला. हेडला तडा गेला असता, तर मुलाची शेवटची वस्तू आपल्या पूजेने मोडली हे ओझं आईला उरलेला जन्म वाहावं लागलं असतं. हे मामांनाही कळत होतं. त्यांचा हात पान्यावर होता, पण ते जोर लावेनात.

आबा विहिरीच्या काठावर बसून सगळं ऐकत होते. ते उठले, आत आले, रॉकेलचा डबा स्वतः उचलला आणि खाचेत धार धरली. इतके दिवस भंगार भंगार म्हणणारा हा माणूस मामांना म्हणाला, "घाई करू नका. मी केयीले पानी शेजारकडून लेस. लागतील तेवढा दिवस लागू द्या."

मग आम्ही तिघांनीच ते काम केलं. कोणी कोणाला टोमणे मारले नाहीत. राड बारीक तारेने उकरायची, सायकलच्या पंपाने फुंकून टाकायची, पुन्हा रॉकेल. आबांनी तीन दगडांची चूल मांडून पाणी उकळलं. मामांच्या सांगण्यावरून आम्ही फडकी उकळत्या पाण्यात बुडवून हेडभोवती गुंडाळली, म्हणजे हेड सगळीकडून सारखं तापेल आणि एका जागी ताण येणार नाही. ज्योतीने ते झालं नसतं. पाणी खाचेत जाऊ द्यायचं नव्हतं, एवढी काळजी घेतली. तापायचं, भिजायचं, पाना लावून वाट पाहायची. संध्याकाळी काम थांबवलं आणि सकाळी पुन्हा तेच. आई त्या दिवशी शेतात आली नाही. जेवण शेजारणीच्या हाती पाठवलं.

नोझल हललं ते आबांचा हात पान्यावर असताना. आवाज झाला नाही म्हटलं तरी चालेल, बोट मोडल्यासारखी एक टिचकी. मामांनी हात वर केला. "थांबा. आते उलटं फिरवा. पुढे नेऊ नका." आबांनी उलटं फिरवलं. घड्याळाच्या एका आकड्यापासून दुसऱ्या आकड्यापर्यंत, मग थोडं अधिक. पुढे पट्टी लावली. मामा नट आवळत होते आणि मी दोन्ही ठोकळ्यांजवळ अंतर मोजून सांगत होतो. डावीकडे कमी. आता सारखं. आता सारखं. त्यांनी एकदाही मोजमापाची थट्टा केली नाही. नोझल वर आलं, वायसरसकट. हेडचा भोकाकाठ आम्ही रॉकेलने पुसून, खडूची भुकटी लावून पाहिला. तडा असता तर त्यातलं रॉकेल झिरपून खडू भिजला असता. खडू पांढराच राहिला. आबा बाहेर गेले आणि विहिरीवर तोंड धुऊन आले.

नोझल पाचोऱ्याला इंजिनांचे डिझेल-पंप दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात तपासायला नेली. तिथे ती यंत्रावर लावून फवारा बघतात. मिस्तरी लोक कधी कधी फवाऱ्यासमोर हाताचा पंजा धरतात, त्याबद्दल मामा वाटेत बोलले. त्यांच्या शेडमधल्या एकाच्या बोटात ती धार कातडी फोडून शिरली होती. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसत होतं, आणि बोट काढावं लागलं. नोझलची टोकं बदलली, वायसर नव्या घातल्या, खाचेवर मी रबराची चकती कापून बसवली.

इंजिन सुरू करायच्या वेळी मी घरी जाऊन आईला बोलावलं. ती चूल सारवत होती.

"फुटनं नही?" तिने विचारलं.

"नही."

"खरं सांगस?"

मी तिला खडूचं सांगितलं. तिला ते कितपत कळलं ठाऊक नाही, पण ती उठली. शेतात येऊन खोलीच्या बाहेरच उभी राहिली. आबांनी हँडल मारलं. पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा इंजिनाने धरलं आणि आवाज एकसारखा झाला. आबा मान वाकवून ऐकत होते. "दोन्ही बोली राहिनात," ते म्हणाले. दोन्ही सिलिंडर बोलत होते. आईने पदर तोंडाला लावला आणि पाटाच्या पाण्यामागे केळीत निघून गेली.

त्या वर्षी दसऱ्याला मी मुद्दाम धुळ्याहून आलो. नारळाचं काय होणार, हा प्रश्न मनात घेऊनच आलो होतो. आबाही बरोबर निघाले. भाऊ गेल्यापासून या पूजेला ते पहिल्यांदाच येत होते. आईने इंजिनाला हळद-कुंकू वाहिलं. मग नारळ घेऊन ती दारातल्या दगडाकडे वाकली आणि तिथेच फोडला, दोन घावांत. पाणी तिने फुलपात्रात धरलं आणि आत आली.

हेडजवळ आल्यावर तिचा हात सवयीने वर गेला. फुलपात्र हेडच्या वर होतं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग हात खाली आणला आणि फुलपात्र माझ्यापुढे केलं.

"पी."

मी घोटभर प्यालो आणि फुलपात्र आबांना दिलं. आबांना नारळपाणी चालत नाही, घशाशी येतं म्हणतात. त्यांनी उरलेलं सगळं संपवलं.

हेडवर एक थेंबही पडला नव्हता. तरी आईने खिळ्यावरचं कोरडं फडकं घेतलं, दोन्ही नोझलभोवती नीट पुसलं, रबराची चकती बोटाने दाबून पाहिली आणि बाजूला सरून आबांना म्हणाली, "फिरवा आते हँडल. नुसतं बसू देऊ नका त्याले."